एआय हाताशी असताना शिकणं चालू कसं ठेवायचं

एक्सेलमध्ये एका तक्त्यातली नोंद शोधून दुसरीकडे आणणारं व्हीलूकअप नावाचं सूत्र असतं. त्याच्या शेवटी लिहिलेला 'फॉल्स' मी निदान शंभरदा पाहिला असेन. या यादीतल्या कोडवरून त्या तक्त्यातला दर आणून दे, असं एआयला सांगायचं. तो सूत्र द्यायचा, मी ते चिकटवायचो, आकडे यायचे. एक दिवस नेट बंद होतं आणि यादी तासाभरात हवी होती, म्हणून सूत्र मीच लिहिलं. तीन भाग आठवले, चौथा, म्हणजे तो 'फॉल्स', गाळला. एक्सेलने काही तक्रार केली नाही. रकाना वरपासून खालपर्यंत भरला, आणि त्यातले बरेच आकडे चुकीचे होते. तो चौथा भाग गाळला की एक्सेल तंतोतंत जुळणारी नोंद शोधत नाही, जवळपासची शोधतं. त्यासाठी तक्त्याचा पहिला रकाना चढत्या क्रमाने लावलेला आहे असं ते धरून चालतं. माझा तक्ता तसा लावलेला नव्हता.

चूक एका सहकाऱ्याच्या वेळीच लक्षात आली, त्यामुळे निभावलं. मला लागलं ते वेगळंच. त्या सकाळपर्यंत कोणी विचारलं असतं, 'व्हीलूकअप येतं का?', तर मी न अडखळता 'येतं' म्हणालो असतो.

मराठीत 'कळलं' आणि 'येतं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. दुसऱ्याने नीट समजावलं की कळतं. 'येतं' म्हणायला मात्र ती गोष्ट आपल्या हातून, कोणाच्या मदतीशिवाय व्हावी लागते. एआय 'कळलं'चा अनुभव हवा तितका देतो. त्याच वेळी 'येत नाही' हे उघडं पाडणारे क्षण तो नकळत काढून घेतो. पूर्वी अडलो की अडल्याचं कळायचं, कारण काम पुढे सरकतच नसे. आता ते अडणं दहा सेकंदांत नाहीसं होतं, आणि आपल्याला काय येत नाही याची बातमीही त्याबरोबर जाते. ही बातमी आता मुद्दाम मिळवावी लागते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

मानसशास्त्रात याला मेटाकॉग्निशन म्हणतात, म्हणजे आपण कसा विचार करतो आहोत यावर आपणच ठेवलेली नजर. जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७९ च्या लेखात ही कल्पना नीट मांडली. पुढे १९९० मध्ये नेल्सन आणि नॅरेन्स यांनी तिचे दोन भाग केले. एक देखरेख: मला हे कितपत आलं आहे? दुसरा नियंत्रण: मग आता मी काय करू, पुन्हा वाचू, थांबू की दुसऱ्या बाजूने बघू? देखरेखच चुकीची असेल तर नियंत्रणही चुकतं. मला व्हीलूकअप येतं असं वाटत होतं, म्हणून मी ते कधी शिकायलाच बसलो नाही.

यात खरंच नुकसान होतं का?

होतं. मात्र वापरण्याच्या पद्धतीवर बरंच अवलंबून असतं. तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात काहींना नेहमीसारखा चॅटबॉट दिला होता. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा हे १७ टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाच्या चॅटबॉटला थेट उत्तर न देता इशारे द्यायला सांगितलं होतं. त्या गटात हे नुकसान बहुतांशी दिसलं नाही.

मुरलेल्या माणसांचंही असं होऊ शकतं. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एआयची मदत मिळू लागली. त्यानंतर त्यांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्या संशोधकांनी पाहिल्या. पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्के होतं, ते २२.४ वर आलं होतं. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कारण एकच होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. तरी वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्यांबद्दलचा हा आकडा मला अस्वस्थ करतो.

आधी कामं वेगळी काढा

प्रत्येक काम शिकण्यासाठी करायचं नसतं. बैठकीचं टिपण नीटनेटकं करणं किंवा दोनशे फायलींची नावं बदलणं खुशाल एआयकडे सोपवा. सगळंच शिकायचं ठरवलं तर आठवड्याभरात कंटाळून सगळंच सोडून द्याल.

मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. हे मला पुन्हा पुन्हा लागणार आहे का? आणि एआय यात चुकला तर ती चूक पकडायची जबाबदारी माझी आहे का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. जे स्वतःला येत नाही त्यातली चूक आपल्याला दिसत नाही. लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल हे लिहून ठेवलं होतं. सोपं काम यंत्राकडे जातं. माणसाकडे उरते ती देखरेख आणि अडचणीच्या वेळी हातात घ्यायची सूत्रं. पण ती सूत्रं घेता यावीत यासाठी लागणारा रोजचा सराव यंत्रानेच काढून घेतलेला असतो.

तेव्हा एका कागदावर दोन रकाने करा: 'शिकायचं' आणि 'सोपवायचं'. पहिल्या रकान्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त गोष्टी नकोत. पुढच्या पायऱ्या फक्त या तीन गोष्टींसाठी.

विचारण्याआधीची सात मिनिटं

चॅटची खिडकी उघडण्याआधी घड्याळ लावून सात मिनिटं स्वतः प्रयत्न करा. सातच का? माझ्या अनुभवात पाचात प्रश्नाशी ओळख होते आणि दहा म्हटलं की टाळाटाळ सुरू होते. या वेळात चार ओळी हाताने लिहा: मला काय हवं आहे, यातलं मला काय ठाऊक आहे, नेमकं कुठे अडलं आहे, आणि उत्तर काय असावं असं मला वाटतं. शेवटच्या ओळीपुढे खात्रीचा आकडा टाका, शून्य ते दहा.

चौथी ओळ लोक सर्रास गाळतात, कारण चुकीचं लिहिण्याचा संकोच वाटतो. पण अंदाज चुकला तरी बहुधा फायदाच होतो. कॉर्नेल, हेज आणि ब्यॉर्क यांनी २००९ मध्ये दाखवलं, की आधी प्रयत्न करून चुकलेल्यांना नंतर पाहिलेलं बरोबर उत्तर जास्त लक्षात राहतं. अट एवढीच, की चुकल्यावर बरोबर उत्तर बघायचं.

खात्रीच्या आकड्याचं मोल एका उदाहरणात बघा. गाडी जाताना ताशी ६० किलोमीटरने गेली आणि त्याच रस्त्याने परत येताना ४० ने आली. सरासरी वेग किती? मनातल्या मनात उत्तर द्या आणि खात्री किती तेही ठरवा.

बहुतेकांच्या मनात ५० येतं, आणि तेही आठ-नऊच्या खात्रीने. उत्तर ४८ आहे. रस्ता १२० किलोमीटरचा धरा: जायला दोन तास, यायला तीन, म्हणजे २४० किलोमीटर पाच तासांत. हळू चालणाऱ्या भागात गाडी जास्त वेळ असते, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते. तुम्ही ५० म्हणाला असाल आणि खात्री नऊ असेल तर हे आता सहजी विसरणार नाही. बटरफील्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: छातीठोकपणे केलेली चूक एकदा दाखवली की ती जास्त पक्की दुरुस्त होते. एआयला थेट विचारलं असतं तर तुम्ही ४८ वाचून 'बरोबर' म्हणत पुढे गेला असता. आपण ५० म्हणणार होतो हे स्वतःलाही कळलं नसतं.

विचारायचं कसं

प्रश्नाची भाषा बदलली की एआयचं वागणं बदलतं. 'हे करून दे' ऐवजी माझी सुरुवात साधारण अशी असते:

'मला हे शिकायचं आहे, म्हणून पूर्ण उत्तर देऊ नकोस. माझा प्रयत्न खाली दिला आहे. यात पहिली चूक कुठल्या ओळीत आहे तेवढं सांग, ती का चूक आहे हे मला ओळखू दे. मी अडलो तर एकच इशारा दे.'

दोन गोष्टी सांभाळा. चार-पाच संदेशांनंतर एआय हळूच पुन्हा पूर्ण उत्तर द्यायला लागतो, तेव्हा सूचना परत द्यावी लागते. आणि तो कौतुक फार करतो. 'माझं बरोबर आहे का?' विचारलं तर तो होकाराकडे झुकतो. म्हणून 'यातलं कमकुवत वाक्य कोणतं?' किंवा 'कडक परीक्षक इथे काय विचारेल?' असं विचारा.

कधी कधी पूर्ण उत्तर लागतंच. मग ते वाचण्याची पद्धत बदला. पडदा अर्ध्यावर थांबवा, पुढे काय येणार याचा अंदाज करा, मगच खाली सरका. प्रत्येक टप्प्यावर विचारा: हे इथे का आहे, आणि नसतं तर काय बिघडलं असतं? त्या 'फॉल्स'ला मी हा प्रश्न एकदा जरी विचारला असता तरी पुरे होतं.

मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये भौतिकशास्त्राची सोडवलेली उदाहरणं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला लावलं होतं. पुढे चांगली कामगिरी करणारे विद्यार्थी प्रत्येक पायरीचं कारण स्वतःला समजावत होते, आणि 'हे मला कळलं नाही' असं जास्त वेळा म्हणत होते. मागे पडणाऱ्यांना वाचताना सगळं कळल्यासारखं वाटत होतं. एआयचं उत्तर इतकं घोटीव असतं, की वाचताना अडखळायला जागाच राहत नाही. म्हणून तासाभराच्या कामात तुम्ही एकदाही 'कळलं नाही' म्हणाला नसाल, तर मागे जाऊन पुन्हा वाचा.

खिडकी बंद, पाटी कोरी

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

काम झालं की चॅट बंद करा आणि कोऱ्या कागदावर तेच पुन्हा उभं करा. सूत्र असेल तर सूत्र, युक्तिवाद असेल तर युक्तिवाद. शब्द तेच नकोत, सांगाडा हवा. अडलात की लगेच उघडून बघू नका. अडलेल्या जागी खूण करा आणि पुढे जा, शेवटी एकदाच उघडा. त्या खुणा म्हणजेच ती हरवलेली बातमी.

रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग इथे अगदी लागू पडतो. एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. अभ्यास संपताच विचारलं होतं तेव्हा 'आपल्याला हे चांगलं लक्षात राहील' अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. काम संपल्या संपल्या मनात येणाऱ्या 'आलं मला' या भावनेवर म्हणूनच निर्णय घेऊ नये.

मग कधी घ्यावा? मध्ये वेळ जाऊ द्या. नेल्सन आणि डनलोस्की यांना १९९१ मध्ये दिसलं, की शिकल्यावर थोडा वेळ गेल्यानंतर केलेला 'मला किती आलं आहे' हा अंदाज ताबडतोब केलेल्यापेक्षा कितीतरी अचूक निघतो. शिकल्या क्षणी सगळं डोळ्यांसमोरच असतं, त्यामुळे आठवण तपासली जात नाही. मी एक रात्र मध्ये जाऊ देतो. सकाळी पहिला चहा घेण्याआधी पाच मिनिटं, कागद आणि पेन. मग तीन दिवसांनी, मग दहा.

दुसऱ्या वेळी उदाहरणातली एक गोष्ट बदला. सरासरी वेगाच्या गणितात जाताना आणि येताना अंतराऐवजी वेळ सारखा दिला तर? तेव्हा उत्तर खरंच ५० येतं. का, हे दोन वाक्यांत सांगता आलं तर ते गणित आलं असं समजा. नुसतं ४८ आठवलं तर एक आकडा पाठ झाला, इतकंच.

वही

हे सगळं लक्षात ठेवायला जाऊ नका, लिहा. वही कागदाची असो की फोनमधली, ओळी सहाच. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

'प्रश्न: प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं, घट किती? माझा अंदाज: ६ टक्के. खात्री: ९. निघालं: ६ टक्केबिंदू, पण मूळ प्रमाणाच्या तुलनेत २१ टक्के. कुठे फसलो: वजाबाकी केली आणि थांबलो, कशाच्या तुलनेत हे विचारलंच नाही. परत बघायचं: गुरुवारी.'

'कुठे फसलो' ही ओळ नीट लिहा. 'लक्ष नव्हतं' असं लिहून काही हाती लागत नाही. कोणता विचार चुकला ते लिहा, म्हणजे महिन्याने पानं चाळताना तीच तीच चूक डोळ्यांत भरते. माझ्या पानांवर 'कशाच्या तुलनेत हे विचारलं नाही' वेगवेगळ्या रूपांत सात वेळा आलं होतं.

खात्रीचे आकडेही महिन्याअखेर मोजा. ज्या उत्तरांपुढे आठ किंवा जास्त लिहिलं होतं त्यातली किती बरोबर निघाली? दहातली आठ-नऊ निघाली तर तुमची देखरेख ठीक आहे. पाचच निघाली तर त्या विषयात एआयचं उत्तर केवळ पटलं म्हणून पुढे पाठवू नका, दुसरीकडे पडताळा. एआय चुकीची गोष्टही बरोबर गोष्टीच्याच ठाम सुरात सांगतो, म्हणून सुरावरून काही ठरवता येत नाही. तुमच्या खात्रीला किती किंमत द्यायची हे मात्र या मोजणीतून कळतं.

घाईच्या दिवशी

काही दिवस सात मिनिटंही नसतात. काम द्यायचं असतं आणि वरून फोन येत असतो. अशा वेळी एआयकडून करून घ्या आणि मोकळे व्हा, फक्त वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ टाका: काय करून घेतलं आणि त्यातलं काय कळलं नाही. मी त्या पानाला उधारीचं पान म्हणतो. आठवड्यातून एक तास एआय बंद ठेवून त्यातली एक उधारी फेडायची. पाच ओळींच्या वर उधारी गेली तर 'शिकायचं' रकान्यातली एक गोष्ट प्रामाणिकपणे 'सोपवायचं'कडे हलवायची, आणि त्या कामाची तपासणी ज्याला ते येतं अशा माणसाकडून करून घ्यायची. ही हलवाहलव मनाला लागते, पण ज्या कामाची चूक आपल्याला ओळखता येत नाही त्यावर आपल्या नावाची सही टाकण्यापेक्षा ती परवडते.

शिकणाऱ्या मुलांना किंवा नव्या सहकाऱ्यांना हे सांगायचं असेल तर वहीपासून सुरुवात करू नका, ती त्यांना ओझं वाटते. एआयचं उत्तर उघडण्याआधी अंदाज आणि खात्री तोंडाने बोलायला लावा आणि तुम्हीही तुमचा अंदाज बोला. मोठ्यांचा नऊच्या खात्रीचा अंदाज समोर चुकला की बाकीचे आपापले अंदाज न घाबरता बोलायला लागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

माझ्या उधारीच्या पानावर सध्या तीन ओळी आहेत. सगळ्यात जुनी नऊ दिवसांची आहे: दोन याद्या जोडताना एकाच कोडच्या दोन नोंदी असतील तर व्हीलूकअप त्यातली पहिलीच का उचलतं, आणि दोन्ही हव्या असतील तर काय करायचं. शनिवारी सकाळी तीच घेणार आहे. अंदाज लिहून ठेवला आहे, खात्री सहा.